फॉरमॅट कुणाच्या बापाचा?

आपली चार पोरं सिनेमा काढायचा म्हणून बसली की पहिला सवाल काय येतो? गोष्ट कुणाची, सांगणार कोण, दाखवायची कुणाला, यातलं काही येत नाही. पहिला सवाल, कशावर मारायचा? ४के का एचडी? लॉग का साधं? प्रोरेस का एच.२६४? चहा थंड होतो, बिडी विझते, रात्रीचा एक वाजतो, आणि ज्याच्याकडं सांगण्यासारखं सगळ्यात जास्त आहे तो पोरगा गुपचूप उठून घरी जातो. त्याला वाटतं, हे आपलं काम नव्हे. त्याला कुणी शिवी दिली नाही, बाहेर काढलं नाही. त्याला आकड्यांनी उठवलं.

आधी म्हणायचे तुमचे उच्चार शुद्ध नाहीत. मग म्हणाले तुम्हाला छंद कळत नाही. आपण कविता लिहिल्या तर म्हणाले ही भाषा गटाराची आहे. तेवढं सगळं पचवून आपण उभं राहिलो, तर आता म्हणतात, दोस्ता, तुझा बिटरेट कमी पडतो.

ह्या फॉरमॅटवाल्यांनी नवी उतरंड मांडलीय. सगळ्यात वर रॉ. त्याच्याखाली प्रोरेस. मग एच.२६५, मग एच.२६४, आणि गावकुसाबाहेर मोबाईल. वरच्याची फ्रेम पवित्र, खालच्याची बघितली की ह्यांचे डोळे विटाळतात. नेटफ्लिक्सनं आपल्या ओरिजिनलसाठी मान्य कॅमेऱ्यांची यादीच करून ठेवली, त्यात ४के सेन्सर पायजे म्हणजे पायजे. त्यांचं ते दुकान आहे, त्यांनी दाराला काय लावायचं ते लावावं. पण ती यादी आपली पोरं पाठ करतात, आणि आपल्याच पोराच्या हातातला मोबाईल बघून हसतात, ह्याची मला शरम वाटते. त्यात मीही होतो. म्हणून हे लिहितोय.

फॉरमॅट म्हंजे काय ते आधी आपल्या भाषेत समजून घेऊ. मी गोदीत हमाली करतो, मला ते पेटीवरनं समजलं. गोदीतली पेटी, म्हंजे कंटेनर, वीस फुटी नाहीतर चाळीस फुटी. जगात कुठंबी जा, मापं तीच, म्हणून कुठलीबी क्रेन तिला उचलते. पण पेटी बाहेरून बघून आत काय ते कळत नाही. आत कापूस दाबून भरलेला असेल, नाहीतर काचसामान एकेक गुंडाळून ठेवलेलं असेल. व्हिडिओच्या फाइलचं तेच. एमपी४, एमओव्ही ही पेटीची नावं. एच.२६४, एच.२६५, प्रोरेस ही आत माल भरायची तऱ्हा, तिलाच कोडेक म्हणतात. एच.२६४ दाबून भरतो. दर फ्रेम पुरी ठेवत नाही, आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच बहुतेक लिहून ठेवतो. एच.२६५ त्याहून दाबतो. प्रोरेस हरेक फ्रेम वेगळी गुंडाळतो, म्हणून एडिटिंगला मशीन अडखळत नाही, पण जागा कैकपट खातो. रॉ म्हंजे सेन्सरवर जे पडलं ते तसंच कच्चं, रंग नंतर तुम्ही शिजवा. आणि लॉग म्हंजे चित्र मुद्दाम फिकट घ्यायचं, म्हणजे पुढं रंग चढवताना ऊन आणि सावली दोन्ही हाताशी राहतात.

यात कुठंच जादू नाही. विद्या नाही. हिशोब आहे, आणि हिशोब गोदीतला मुकादमपण करतो.

आणखी एक गोष्ट गोदीनं शिकवली. पेटीचं माप कोण ठरवतं, त्यावर कुणाच्या हाताला काम राहतं ते ठरतं. पेट्या आल्या, १९८९ ला पलीकडं न्हावाशेवा सुरू झालं, आणि इकडं पाठीवर गोण वाहणाऱ्या टोळ्याच्या टोळ्या मोडल्या. माझा बाप त्यातला. त्याला कुणी विचारलं नव्हतं, बाबा, हे माप तुला परवडतं का. म्हणून कुणी मला म्हणालं की फॉरमॅट ही नुसती टेक्निकल बाब आहे, तर माझं टाळकं सरकतं.

आता मुळशीची गोष्ट सांगतो.

मुळशी आजच्या पोरांना पिक्चरमुळं माहिती. २०१८ चा 'मुळशी पॅटर्न'. जमिनी विकल्या, पैसा उडाला, शेतकऱ्याचा पोरगा गुन्हेगारीत गेला. गोष्ट खोटी नाही. हिंजवडीची आयटी उभी राहिली ती ह्याच तालुक्यात, लवासाचं शहर डोंगरात घुसवलं ते ह्याच तालुक्यात, आणि २०१८ ला ती कंपनी दिवाळखोरीच्या कोर्टात गेली तीही सगळ्यांनी बघितली. पण जमीन विकून बरबाद व्हायला आधी जमीन असावी लागते. ज्याच्या नावावर कधी गुंठा नव्हता, त्याचा पॅटर्न कुणी काढला?

त्याच्या आधीची मुळशी पुस्तकात सापडते. टाटांच्या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ ला सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट जेलात गेले. १९२४ पर्यंत लढा चालला आणि मोडला. १९२७ ला घाटाखाली भिऱ्याचं वीजघर चालू झालं, मुळेचं पाणी कोकणात पडायला लागलं आणि वीज मुंबईला निघाली. राजेंद्र व्होरा यांनी ह्या लढ्यावर पुस्तक लिहिलं. त्यात ते दाखवतात की तिथल्या बऱ्याच जमिनी आधीच पुण्याच्या सावकारांच्या घशात गेल्या होत्या, आणि सावकारांना जमिनीपेक्षा भरपाईचा पैसा गोड लागला. म्हंजे सेनापतीची नोंद आहे, टाटांची आहे, सावकाराची आहे, मावळ्याचीही आहे. पण पांढरीबाहेर जे राहत होते, ज्यांना विकायला जमीन नव्हती आणि भरपाईला नाव नव्हतं, त्यांची घरंपण त्याच पाण्याखाली गेली. ती किती? कुणाकुणाची?

ते सांगणारी एक बाई उरली होती. माझ्या आईची मावशी. आम्ही तिला आजी म्हणायचो. वय नव्वदीचं. जन्म धरणानंतरचा, पण तिच्या बापानं वस्तीतली बुडालेली घरं तिच्याकडून तोंडपाठ करून घेतलेली. कुणाला जात्यावरच्या ओव्या पाठ असतात, तिला घरं पाठ होती.

२०१९ च्या मे महिन्यात आम्ही पाच जण तिच्याकडं गेलो. आमच्यात एक कोर्स केलेला दोस्त होता. आपलाच पोरगा, आपल्याच चाळीतला, म्हणून तर जास्त लागतं. तो म्हणाला, हे काम एकदाच होणार, तर टॉपमध्ये करू. ४के, प्रोरेस एचक्यू, लॉग. कॅमेरा भाड्याचा. दोन दिवसांचं भाडं म्हंजे माझी अकरा दिवसांची हजेरी. मी दिली. मलापण चमकायचं होतं, खोटं कशाला बोलू. कार्ड एकच, १२८ जीबीचं. हिशोब कुणी केला नव्हता. पंचवीस फ्रेमला ४के प्रोरेस एचक्यू सेकंदाला ७३७ मेगाबिट खातो, म्हंजे मिनिटाला साडेपाच जीबी. १२८ जीबी तेवीस मिनिटांत खलास.

त्या तेवीस मिनिटांत आम्ही काय घेतलं? तलावावरचं ऊन. बगळा. आजीच्या सुरकुत्या. आजीचे हात. चूल. परत आजीचे हात. आजी बोलायला लागली तेव्हा सात मिनिटं उरली होती. ती आधी आमच्या चहाचं बोलली, मग माझ्या आईच्या लग्नाचं, मग गोठ्यात आलेल्या बिबट्याचं. म्हातारं माणूस मुद्द्यावर यायला वेळ घेतं. यायलाच पायजे, तो काही टीव्हीवरचा वक्ता नाही. कार्ड भरलं. लॅपटॉपवर उतरवून घेऊ म्हटलं, तर वस्तीत सकाळपासून वीज नव्हती, लॅपटॉप मेलेला. ज्या पाण्याची वीज शंभर वर्षांपूर्वी मुंबईला निघाली त्या पाण्याच्या काठावर आम्ही पाच जण प्लग हातात धरून उभे. आणि तेव्हा आजी म्हणाली, "बंद झालं का तुमचं? बरं झालं. आता घरं सांगते."

एका पोरानं मोबाईल काढला. त्यातपण जागा नव्हती. गाणी पुसून, फोटो पुसून त्यानं सव्वाचार मिनिटं घेतली. वारा सुटलेला, मोबाईल सात-आठ फूट लांब. आजी घरं सांगत गेली. कुणाचं घर, कुणाचा पोरगा, पाणी चढल्यावर कुठं गेला. कुणी खडकीला, कुणी भायखळ्याला, कुणी गोदीत. अकरा घरं. रात्री त्या पोरानं क्लिप ग्रुपवर टाकली आणि फोन भरला म्हणून मूळची पुसली. आम्ही म्हणालो, ग्रुपवर आहे की.

२०२१ च्या लाटेत आजी गेली.

ग्रुपवरची ती क्लिप उरली, दाबून दाबून चोथा झालेली. सात घरं नीट ऐकू येतात. चार येत नाहीत. ओठ हलतात, वारा खरखरतो, आवाज पाण्याखालनं आल्यासारखा येतो. तलावाचं ४के मात्र झकास आहे. बगळ्याचं पीस नि पीस मोजून घ्या.

त्याच कार्डात एचडी, एच.२६४, सेकंदाला ५० मेगाबिट लावलं असतं तर साडेपाच तास मावले असते. साडेपाच तास! आजीनं चहा, लग्न, बिबट्या आणि अकरा घरं सांगून, वर आम्हाला जेवायला घालून परत गप्पा मारल्या असत्या.

आता कुणी म्हणेल, हा तुमच्या नियोजनाचा गाढवपणा, फॉरमॅटला का शिव्या देता? बरोबर आहे, गाढवपणा आमचाच. पण गाढवाला तो बोजा कुणी चढवला तेही बघा. एकट्या म्हातारीचं बोलणं घ्यायला ४के प्रोरेस लागतो, हे आमच्या डोक्यात कुठनं आलं? आजीनं मागितला नव्हता. वस्तीनं मागितला नव्हता. जो प्रेक्षक आमच्यासमोर कधी येणार नव्हता, त्याच्या भीतीनं आम्ही तो घेतला. ह्यालाच गुलामी म्हणतात. ती भाड्यानं मिळते आणि दिवसाच्या दरानं मिळते.

आपल्या माणसांपुढं फॉरमॅटचा सवाल काही आज आलेला नाही. १४ एप्रिल १९५६ ला, बाबासाहेबांच्या हयातीतल्या शेवटच्या वाढदिवशी, तिकडं शिकागोत अँपेक्स कंपनीनं व्हिडिओ टेपचं मशीन पहिल्यांदा लोकांपुढं मांडलं. किंमत ४५-५० हजार डॉलर, आकार कपाटाएवढा. त्याच वर्षी ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. नामदेव व्हटकर नावाच्या माणसानं आपला छापखाना गहाण टाकला, कॅमेरा आणि फिल्म जमवली, आणि ७ डिसेंबरला दादर चौपाटीकडं निघालेली अंत्ययात्रा चित्रित केली. ती हलती चित्रं आज आपण बघतो आणि ऊर भरून येतो. त्या दिवशी व्हटकरांपुढं कुठला फॉरमॅट चांगला हा सवाल नव्हता. यात्रा निघाली होती आणि ती परत निघणार नव्हती. हाताला जे मिळतं, जे शेवटापर्यंत पुरतं, ते. ह्या एका अकलेपुढं सगळ्या कोर्सांची सर्टिफिकिटं पाणी भरतात.

पुढचा इतिहासपण तेच सांगतो. सोनीचं बेटामॅक्स १९७५ ला आलं, जेव्हीसीचं व्हीएचएस १९७६ ला. चित्र बेटामॅक्सचं उजवं, असं जाणते सांगायचे. पण बेटामॅक्सच्या पहिल्या कॅसेटीत तासभर मावायचं आणि व्हीएचएसमध्ये दोन तास. एक अख्खा पिक्चर एका कॅसेटीत. शिवाय जेव्हीसीनं ते माप बाकीच्या कंपन्यांनाही वापरू दिलं. व्हीएचएस घराघरांत गेलं, बेटामॅक्स मागं पडलं. जे मावतं आणि जे शेजाऱ्याच्या मशीनमध्येही चालतं, ते जिंकतं.

आणि आपल्या महाराष्ट्रात ह्याचं सगळ्यात मोठं उदाहरण पुण्यात नाही, मालेगावात आहे. व्हिडिओ पार्लर चालवणारा शेख नासिर. यंत्रमागावर राबणारी माणसं नट, सायकल हीच ट्रॉली, बैलगाडी हीच क्रेन, आणि लग्नाच्या शूटिंगचा व्हिडिओ कॅमेरा. 'मालेगाव के शोले' निघाला आणि गावानं तो डोक्यावर घेतला. फैजा अहमद खान यांनी त्यांच्या सुपरमॅनवर २००८ ला माहितीपट केला, तो जगभर फिरला. अलीकडं मोठ्या बॅनरनं त्यांच्यावर अख्खा सिनेमा काढला. मजा बघा. ज्याला तुम्ही भंगार फॉरमॅट म्हणालात त्यावर काम करणाऱ्यांची गोष्ट सांगायला तुम्हाला महागडा कॅमेरा घेऊन त्यांच्याच दारात जावं लागलं.

साहेबांच्या देशातलं पायजे असेल तर तेही घ्या. १९९८ ला डेन्मार्कचा 'फेस्टेन' कान महोत्सवात ज्यूरीचं पारितोषिक घेऊन गेला. तो मिनीडीव्हीच्या लहानशा हँडीकॅमवर काढलेला. मिनीडीव्हीचं चित्र ७२० गुणिले ५७६. तुमच्या खिशातला फोन त्याच्या पाचपट ठिपके नुसत्या एचडीत देतो.

आणि थिएटरचं भय घालणाऱ्यांना एक आकडा. थिएटरात जो २के फ्लॅट सिनेमा चालतो त्याचं माप १९९८ गुणिले १०८०. आपल्या एचडीचं १९२० गुणिले १०८०. फरक रुंदीत ७८ ठिपक्यांचा. ह्या ७८ ठिपक्यांसाठी आपण आजीची चार घरं बुडवली.

इथपर्यंत वाचून काही पोरं खूष झाली असतील. वा, म्हंजे मोबाईलवर कसंबी काढा, रील टाका, क्रांती झाली. थांबा. तुमच्यासाठीपण आहे.

महाग फॉरमॅटची गुलामी हा एक रोग, आणि फुकटच्या फॉरमॅटची बेफिकिरी हा दुसरा. आमची घरं दोन्ही रोगांनी मिळून खाल्ली. आज वस्तीत काही झालं, पोरगं मारलं, झोपड्या पाडल्या, मिरवणूक अडवली, की पन्नास मोबाईल वर होतात. आठवड्यानं विचारा, मूळची क्लिप कुणाकडं आहे? कुणाकडंच नाही. सगळ्यांकडं ग्रुपवरनं आलेली. व्हॉट्सॲप क्लिप पाठवताना ती पिळून काढतं, बारके चेहरे, गाडीचे नंबर, लांबचा आवाज आधी जातो. आणि पुरावा म्हणून जे लागतं ते नेमकं तेच असतं.

११ जुलै १९९७ आठवा. घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याची विटंबना, त्यावर जमलेल्या माणसांवर गोळीबार, दहा जीव गेले. पोलीस म्हणाले, जमाव टँकर पेटवणार होता. गुंडेवार आयोगानं ते मानलं नाही. त्याच आठवड्यात शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. आनंद पटवर्धन यांनी तिथून शूटिंगला हात घातला आणि 'जय भीम कॉम्रेड' पुरा झाला २०११ ला. चौदा वर्षं. तेवढ्या काळात टेपांचे फॉरमॅट आले आणि गेले, पण घेतलेलं सांभाळलं म्हणून सिनेमा झाला. आपल्या मरणाचं चित्र दुसऱ्यानं चौदा वर्षं राखलं, आणि आपण आपलं चौदा दिवस राखत नाही. ह्यावर कुठल्या ब्राह्मण्यवादाला शिव्या द्यायच्या ते मला सांगा.

कोर्टाचंही ऐका. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्ज वेळेत भरला का उशिरा, हा वाद व्हिडिओ रेकॉर्डिंगवर गेला. ती केस, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, सुप्रीम कोर्टात पोचली आणि १४ जुलै २०२० ला निकाल आला. सोप्या भाषेत, ज्या यंत्रात मूळ रेकॉर्डिंग आहे ते यंत्र मालकानं कोर्टापुढं ठेवलं तर ठीक, नक्कल ठेवायची तर सोबत प्रमाणपत्र पायजेच. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्याच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. हॅश म्हंजे फाइलचा अंगठा. एक टिंब बदललं की अंगठा बदलतो. ग्रुपवरनं फिरून आलेल्या क्लिपचा अंगठा वेगळा, मूळ फाइलचा वेगळा. आपल्या बापजाद्यांचे अंगठे घेऊन सावकारानं जमिनी नेल्या. आता आपल्या फाइलीचा अंगठा तरी आपल्या घरात ठेवा.

म्हणून मी जे शिकलो ते सांगतो. हे शास्त्र नव्हे, मार खाऊन आलेली अक्कल आहे.

पहिलं, एचडी लावा, १९२० गुणिले १०८०, आणि फ्रेम २५. फोन बहुतेक ३० वर लावून येतात. आपली वीज सेकंदाला ५० चा ठोका घेते, म्हणून ३० वर ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे पळतात. २५ फ्रेम आणि शटर पन्नासावा भाग ठेवलं की ते थांबतात. एचडीआर बंद करा, दुसऱ्याच्या स्क्रीनवर चेहरे भुतासारखे होतात. फोनचा फ्रेमरेट खालीवर होत राहतो, मग तासाभराच्या मुलाखतीत ओठ एकीकडं आणि आवाज एकीकडं. तो पक्का बांधणारं ॲप फुकट मिळतं, ते वापरा.

दुसरं, कोडेक एच.२६४. २००३ पासूनचा आहे, जुन्या मशीनवर, स्वस्त टीव्हीवर, पेनड्राइव्हवर, कुठंबी उघडतो. फोनमध्ये 'हाय एफिशियन्सी' लिहिलेलं असतं तो एच.२६५. जागा वाचवतो, पण वस्तीतल्या जुन्या कॉम्प्युटरचा दम काढतो. जागाच नसेल तर तो घ्या, लाज नाही. ४के कधी? चेहरा लांब आहे, नंतर कापून जवळ घ्यायचा आहे, आणि कार्डात जागा आहे, तेव्हा. लॉग कधी? अर्धं ऊन, अर्धी सावली, आणि रंग चढवणारा माणूस आपल्यात आहे, तेव्हा. गरजेनं घ्या. कुणाला दाखवायला घेऊ नका.

तिसरं, आवाज. चित्र थोडं खराब चालतं, आवाज खराब झाला की माणूसच जातो. दुसरा फोन बोलणाऱ्याच्या खिशात नाहीतर पदराशी ठेवा, डब्ल्यूएव्हीत आवाज घ्या. एका तासाला साडेतीनशे एमबी लागतात. सुरुवातीला एक टाळी वाजवा, त्या टाळीवर चित्र आणि आवाज नंतर जुळवा. त्या दिवशी आजीच्या पदराशी आमच्यापैकी कुणाचाबी साधा फोन असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

चौथं, दोन हार्ड डिस्क, दोन वेगळ्या घरांत. एक जळाली, पाण्यात गेली, पोलिसानं नेली, तर दुसरी. दोन्हीवर फाइल उतरून चालवून बघितल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. नावात तारीख आणि गाव. चार-पाच वर्षांनी नव्या डिस्कवर हलवा. बापानं जयंतीची व्हीएचएस पेटाऱ्यात ठेवली, तिला बुरशी लागली आणि आता ती चालवणारं मशीनच मिळत नाही. तसं आपलं नको. वाटायची नक्कल वेगळी, राखायची मूळ फाइल वेगळी. रील टाका, ग्रुपवर टाका, बोंब मारा. पण मूळ फाइल पुसणाऱ्याला यापुढं मी दोस्त म्हणणार नाही.

कॅमेऱ्याच्या भाड्याला जी अकरा दिवसांची हजेरी घातली, ती आज माझ्या हातात असती तर मी मोठी कार्डं घेतली असती, दोन डिस्क, एक कॉलर माइक, आणि उरलेल्यात मुळशीच्या तीन फेऱ्या केल्या असत्या. म्हातारं माणूस पहिल्या दिवशी पाहुण्याशी बोलतं, तिसऱ्या दिवशी घरच्याशी.

सात घरांची नावं मी वहीत उतरवलीत. चार जागा कोऱ्या ठेवल्यात. त्या चार घरांची नातवंडं, पणतवंडं कुठंतरी खडकीला, भायखळ्याला, गोदीत माझ्याच पाळीत माल उचलत असतील, आणि मला ठाऊक नाही. तुमच्यापैकी कुणाच्या घरात मुळशीची, पाण्याखाली गेलेल्या वस्तीची गोष्ट असेल, तर सांगणारं माणूस जिवंत आहे तोवर त्याच्यापुढं जाऊन बसा. ह्याच रविवारी बसा. फोन कुठला ते विचारत बसू नका. आधी फोनमधली जागा मोकळी करा, आणि बटण दाबलं की ते माणूस स्वतः उठेपर्यंत बंद करू नका.

जयभीम.